नळाजवळची तिसरी कुंडी

धोंडूमामा, माझ्या प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं एक पान आहे. त्यात प्राचार्यांचं नाव आहे, मॅडमचं आहे, टंकलेखन करून देणाऱ्या गृहस्थांचंही आहे. तुमचं नाही. "प्रयोगशाळेतील कर्मचारी" एवढ्यावर मी तुम्हाला उरकलं. आईवडिलांच्या खालोखाल ज्या माणसामुळे मी आज उभा आहे, तो माणूस तुम्ही. पण ते त्या पानावर लिहायचं तर आधी तुम्हाला एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सांगायचा धीर मला पाच वर्षं झाला नाही.

तुमच्या लेकीचं, सुमनचं कार्ड पुण्याला आलं तेव्हा शिमगा उलटून गेला होता. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, मयताच्या कार्डाचा फाडतात तसा. काय लिहिलं असणार ते वाचायच्या आधीच कळलं. मी कार्ड हातात धरून आमच्या संशोधन केंद्राच्या पायरीवर बसलो. डोळ्यांसमोर तुमचा चेहरा यायला हवा होता. आले ते हात. पाठीमागे बांधलेले, एकात एक घट्ट धरलेले तुमचे दोन हात. ते तसे माझ्यामुळे बांधले गेले होते.

रत्नागिरीला कॉलेजात मी आलो तेव्हा पूर्णगडच्या आमच्या वाडीतून अकरावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. वडील होडीवर जात. मी काय शिकतो हे कुणी विचारलं तर ते "झाडांचं शिकतो" एवढंच सांगत आणि त्यातही त्यांना थोडा संकोच वाटे. झाडांचं शिकायला कॉलेजात कशाला जायला हवं, असा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. बी. एस्सी. झालो. मॅडम म्हणजे आमच्या वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख, त्यांनी एम. एस्सी.साठी मला आपल्या हाताखाली घेतलं. त्या पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या होत्या. तुम्ही काचेच्या नळ्या धूत होतात. माझ्या पायांकडे बघून म्हणालात, "मास्तर, हितं देव नाय. काच हाय. चपला घाला."

तेव्हापासून मी मास्तर. एकही वर्ग मी शिकवलेला नव्हता, तरी मास्तर. कधी चेष्टेनं, कधी रागानं. भाकरीचा डबा उघडून "मास्तर, बसा हितं" म्हणायचात तेव्हा त्यात काय असे ते मला अजून नीट सांगता येत नाही. हातखंब्याच्या पुढे उतरून आत दीड तास चालायचं, एवढ्या लांब तुमचं गाव. सोमवारी सकाळी येताना तुम्ही डब्यात तुमच्या बायकोनं, म्हणजे काकींनी दिलेली कुळथाची पिठी आणि तांदळाच्या भाकऱ्या आणत होतात. दोन माणसांच्या. मी जेवलो का, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो.

नळ्या धुवायला तुम्ही शिकवलंत. काच उलटी धरून पाणी ओघळताना बघायचं; पाणी सरळ पडद्यासारखं उतरलं तर काच स्वच्छ, थेंब थेंब अडकले तर परत धुवा. हे मला पुस्तकात पुढे दोन वर्षांनी सापडलं.

माझा विषय तुम्हाला पहिल्याच आठवड्यात समजून घ्यायचा होता. मिरचीच्या पानांवर पिवळे-हिरवे पट्टे उठतात, पानं वळतात, झाड खुरटतं, तो रोग. त्याचा विषाणू पानात वाढतो कसा, हे मी बघणार होतो. तुम्ही स्टुलावर बसलात आणि तंबाखूचं पान चुरायला घेतलंत. चुना तुम्हाला सोसत नसे, तोंड यायचं. म्हणून नुसतं सुकं पान बोटांत चुरून दाढेखाली ठेवायचात.

"मना एक सांग. ह्यो तुजा विषाणू खातो काय?"

"काही नाही खात, मामा. त्याला तोंड नाही, पोट नाही. एक चिठ्ठी आणि तिच्यावर एक वेष्टण, एवढाच तो."

"चिठ्ठीत काय लिवलंय?"

"माझ्यासारखे आणखी करा, एवढंच."

"आनी करतो कोन?"

"पानातली पेशी. तिच्यात प्रथिनं असतात, ती सगळी कामं करतात. कुणी वाचतं, कुणी जोडतं, कुणी नक्कल काढतं. विषाणूकडे यातलं जवळजवळ काहीच नाही. तो पेशीचीच माणसं कामाला लावतो."

तुम्ही चुरलेलं पान दाढेखाली ठेवलंत. "म्हंजे रिकाम्या हातानं येतो. चूल आपली, तांदूळ आपलं, रांधनारी मानसं आपली. ह्यो नुसता काय रांधायचं त्ये सांगतो."

मी पुढे अनेकांकडून हा विषय ऐकला. इतक्या थोडक्यात कुणी सांगितला नाही.

"आम्ही त्या पेशीला यजमान म्हणतो," मी म्हणालो.

"यजमान? मंग दक्षिना बी देत आसंल." आणि तुम्ही खिडकीबाहेर थुंकून आलात.

पण तिथे थांबला असतात तर ते तुम्ही कसले. दोन दिवसांनी मी पानं खलबत्त्यात कुटत होतो तेव्हा विषय परत निघाला.

"झाडानं रांधूच नये."

"त्याला कळत नाही मामा. चिठ्ठी घरच्याच अक्षरात असते. कुणी लिहिलीय हे पेशीला ओळखू येत नाही."

"बरं. पन तो म्हनतो की मना तुमची अमकी पळी द्या. एकांद्या झाडाकडं ती पळीच नसली तर?"

"तर ते झाडच जगणार नाही. पळी म्हणजे पेशीचंच एखादं प्रथिन, ते काय त्याच्यासाठी ठेवलेलं नसतं. घरचं रांधायलाही तीच लागते. पळी नाही तर घरचे उपाशी."

"आमच्या घरात पळी नव्हती," तुम्ही म्हणालात. "माजी आवस करवंटीच्या डवलीनं ढवळायची. उपाशी नाय मेलो आमी."

मी हसलो. शिकलेल्या माणसाचं ते हसू मला आज नको वाटतं. तुम्ही हसला नाहीत. "एकांदं तरी झाड आसंल तसं," एवढं म्हणून बादली उचललीत. हा वाद आपण पुढे किती वेळा घातला असेल. दर वेळी मी पुस्तकातलं काहीतरी सांगायचो आणि दर वेळी तुम्ही डवलीवर यायचात.

मग ते उन्हाळ्याचे दिवस. कॉलेजच्या मागे नव्या इमारतीचं काम निघालं होतं. जांभ्याचे चिरे तासायचं काम दिवसभर चाले आणि तांबडी धूळ सगळ्यावर बसे: खिडक्यांवर, वह्यांवर, भिंतीकडेला मांडलेल्या माझ्या मिरचीच्या कुंड्यांवर. कुंड्यांच्या तीन रांगा होत्या. पहिल्या रांगेतल्या झाडांच्या पानांवर कुरुंदाची बारीक पूड टाकून मी रोगट पानांचा रस बोटानं हलकेच चोळला होता. पुडीनं पानावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि विषाणूला आत जायला वाट मिळते. दुसऱ्या रांगेलाही तसाच रस लावला होता, पण तिच्यावर मी एक औषध फवारत होतो. त्यानं पेशीचं प्रथिनं बनवणं मंदावतं. पेशीचे कामगार थंडावले तर विषाणूचंही काम थंडावतं का, हे मला बघायचं होतं. तिसरी रांग तुलनेसाठी. तिला रसाचा स्पर्श नाही, औषध नाही. नुसतं पाणी.

त्या तिसऱ्या रांगेची तुम्हाला फार कणव होती. "ही बिचारी बिनकामाची," म्हणायचात. पहिल्या दोन रांगांना हात लावायचा नाही हे मी बजावलं होतं आणि तुम्ही ते कसोशीनं पाळलंत. तिसरीबद्दल मी काहीच बोललो नव्हतो. रोज सकाळी माझ्या आधी येऊन तुम्ही तिच्या एकेका पानावरची तांबडी धूळ अंगठ्यानं आणि बोटानं पुसत होतात. लहान मुलाचं नाक पुसावं तसं. मी आलो की झाडं लखलखत असायची. मी म्हणालोही होतो, "मामा, तिसरी रांग कशी दिसते बघा." तुम्ही खूश झालात.

तीन आठवड्यांनी त्या लखलखीत पानांवर पिवळे पट्टे उठले.

मॅडम येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कुंड्यांची अदलाबदल केलीस का तू? खरं सांग." मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही. निरोगी रांगच रोगट निघाली तर बाकीच्या दोन रांगांना काही अर्थ उरत नाही. सहा महिन्यांचं काम गेलं होतं आणि मी आळशी किंवा लबाड यांपैकी एक ठरत होतो. तुम्ही दारात होतात. शिपायानं विभागप्रमुखांच्या बोलण्यात पडायचं नसतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"बाई," तुम्ही म्हणालात, "कुंडी एक हाललेली नाय. रोज मी हितं आसतो. पोरगा खोटं बोलत नाय. तेच्या वाटचं मना बोला."

मॅडम गेल्या. विभागातून माझं नाव कमी करायचं त्यांच्या मनात होतं, ते तिथे थांबलं. तुमच्या त्या तीन-चार वाक्यांवर माझं पुढचं सगळं उभं आहे.

चार दिवसांनी ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकात मला त्याचं कारण सापडलं. हा विषाणू तंबाखूचाच. तंबाखूचं पान सुकवलं, वर्षानुवर्षं ठेवलं, तरी त्यात तो टिकतो. तंबाखू हाताळणाऱ्याच्या बोटांवरून तो मिरचीला, टोमॅटोला लागतो. पानावर बारीकसा ओरखडा असला की पुरे.

मी पुस्तक मिटून परत आलो. मागच्या दारातून बघितलं तर तुम्ही उकिडवे बसला होतात. डाव्या हातात तंबाखूची पिशवी. उजव्या हाताच्या बोटांनी आजारी झाडाच्या पानावरची धूळ पुसणं चालू होतं. कुरुंदाच्या जागी जांभ्याची धूळ, रसाच्या जागी तुमची बोटं. मी पहिल्या रांगेला जे एकदा केलं होतं, ते तुम्ही तिसऱ्या रांगेला रोज करत होतात. मायेनं.

तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही माझ्यासाठी मॅडमसमोर उभे राहिला होतात, आणि आता मी म्हणणार होतो की मामा, तुम्हीच. माझी जीभ उचलली नाही. मॅडमना मी सांगितलं की माझेच हात नीट धुतले गेले नसावेत. त्या रागावल्या, पण खोटेपणाचा संशय गेला, आणि पुन्हा पेरायची परवानगी मिळाली. तुम्हाला मी अर्धंच सांगितलं. "मामा, नवा नियम आहे. आता झाडांना कुणीच हात लावायचा नाही. मीसुद्धा लावायचा तर साबण आणि मग दुधात हात बुडवून." दुधानं बोटांवरचा विषाणू निकामी होतो, हे त्याच पुस्तकात होतं.

"दुदात?" तुम्ही म्हणालात. "संस्थानिक झाले मास्तर." पण हसणं अर्ध्यावर राहिलं. तुम्ही काहीतरी ओळखलं होतं. त्या दिवसापासून कुंड्यांजवळ गेलात की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचात. धूळ बसलेली बघायचात आणि तशीच ठेवायचात. मला ते रोज दिसत होतं.

बिघडलेल्या रांगेतल्या कुंड्या मी रिकाम्या करायला घेतल्या तेव्हा नळाजवळच्या तिसऱ्या कुंडीशी तुम्ही मला थांबवलंत.

"हिला का टाकतंस? ही बरी हाय की."

खरंच, तिच्यावर एक ठिपका नव्हता.

"तिला लागलं नसेल मामा. चुकून राहिली असेल."

"मंग मी नेतो."

शनिवारी एस.टी.त ती कुंडी तुम्ही मांडीवर घेऊन बसलात. कंडक्टरनं विचारलं, हाफ तिकीट काढू का. तुम्ही म्हणालात, "काड. कालेजात शिकलेली हाय."

पुढचं काम नीट झालं. पदवी मिळाली. पूर्णगडला वडिलांनी ती उलटी धरून बघितली, मग सुलटी. मला पुण्याला संशोधन केंद्रात जागा लागली, तुम्ही निवृत्त झालात. दिवाळीला एक कार्ड मी टाकत असे, बस.

पुण्यात आल्यावर यजमान पेशीच्या प्रथिनांवरचं जे जे मिळेल ते मी वाचत गेलो. विषाणूची नक्कल काढणारं यंत्रसुद्धा अर्धं त्याचं आणि अर्धं पेशीचं असतं, हे जसजसं स्पष्ट होत गेलं, तसतशी तुमची पळी मला सुखानं बसू देईना. एखाद्या झाडात ते प्रथिन नसेल, किंवा जरा वेगळ्या घडणीचं असेल, आणि झाडाचं स्वतःचं काम दुसऱ्या कशावर तरी भागत असेल, तर विषाणू दारातच उपाशी राहील. असं झाड असू शकतं. हे म्हणायला मला पाच वर्षं आणि पुण्यातलं एक ग्रंथालय लागलं. तुम्ही ते तंबाखू चुरता चुरता म्हणाला होतात.

आणि मग ती कुंडी आठवली. "चुकून राहिली असेल" असं मी म्हणालो होतो. पण तुम्ही तर कुणालाच चुकवत नव्हतात.

गेल्या दसऱ्यानंतर मी तुम्हाला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. उत्तर आलं नाही. महिना गेला, चार महिने गेले. मी धरून चाललो की तुम्ही दुखावलात. पाच वर्षं आपल्याला अंधारात ठेवलं म्हणून, किंवा ती रांग आपल्याच हातानं गेली हे आता या वयात सांगितलं म्हणून. मग ते कोपरा फाटलेलं कार्ड आलं.

तेरावं होऊन गेल्यावर मी गावी पोचलो. काकी ओटीवर होत्या. पाणी दिलं, गूळ दिला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "चल, तुला दावायचं हाय," आणि मागच्या परड्यात घेऊन गेल्या.

मिरचीच्या दोन ओळी होत्या. पहिली ओळ पिवळट, पानं मुडपलेली, झाडं गुडघ्याच्याही खाली. दुसरी ओळ हिरवीगार. तीतही दोन झाडं बिघडलेली होती, ते सांगितलं पाहिजे. पण बाकीची मांडीपर्यंत वाढलेली, आणि मिरच्या नुकत्या लाल व्हायला लागलेल्या.

"ही नेमीची," पहिल्या ओळीकडे बोट करून काकी म्हणाल्या. "आनी ही कालेजची. त्या कुंडीतली. दर सालाला बी धरून ठेवतंय मी."

"दोन्ही शेजारी का लावल्या?"

"तेंनी लावलान. तुजी चिठ्ठी आली, सुमनकडनं वाचून घेतलान. शेवटची वळ दोनदा वाचायला लावलान. दुसऱ्या दिसापासनं तंबाखू बंद. मना वाटलं, चला, देव पावला. तर कसला. बाजारातनं तंबाखूची पानं आनवायचा आनी सकाळी उठून झाडांना चोळीत बसायचा. माती घ्यायची, तंबाखू घ्यायची, नि चोळायची. ह्या वळीला बी नि त्या वळीला बी, एक झाड सोडायचा नाय. वाडीतली मानसं मना इचारायला लागली, म्हातारा झाडांना तंबाखू खायला शिकवतोय काय."

काकी हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"मी बोल्ले, पोराला उत्तर तरी पाटवा. तर बोल्ला, मिरची लाल होऊं दे. मंग मास्तराला हितंच बोलावतो. चिठ्ठीत काय दिसनार तेला."

मामा, दोन ओळी शेजारी. माती एक, पाणी एक, हात एक. फरक फक्त बियाण्याचा. मला मॅडमनी जे शिकवायला दोन वर्षं घेतली, ते तुम्ही परड्यात मांडून ठेवलं होतंत. त्या झाडात नेमकं काय कमी आहे किंवा काय वेगळं आहे, हे मला माहीत नाही. पळीच आहे की आणखी काही, हे ठरायला कदाचित माझी नोकरी संपेल. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि आता मला तो एकट्यानंच चालवायचा आहे. पण त्या परड्यात मी पाच वर्षांनी पहिल्यांदा, कुणाची परवानगी न घेता, दुधात हात न बुडवता, पानावरची धूळ पुसली.

निघताना काकींनी लाल मिरच्या फडक्यात बांधून दिल्या. त्यांचं बी काढून भरलेल्या पाकिटावर मी तुमचं नाव घातलं आहे. आभाराचं पान आता बदलता येणार नाही. पाकिटावरचं नाव मात्र जिथे जिथे ते बी जाईल तिथे जाईल.

फडक्यात माझं पत्रही होतं. घड्यांवर तांबडे आणि तपकिरी डाग. धूळ कुठली आणि तंबाखू कुठली, ते आता वेगळं करता येत नाही. ते पत्र असं:

*

पुणे

तीर्थरूप धोंडूमामा यांना मास्तरचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. काकींची आणि सुमनची खुशाली कळवावी.

एक गोष्ट पाच वर्षं पोटात आहे. माझी तिसरी रांग बिघडली, त्याचं कारण मला तेव्हाच कळलं होतं. रोग तंबाखूतून आला. तुम्ही धूळ पुसत होतात त्या बोटांवरून. मी तुम्हाला ते सांगितलं नाही आणि नियमाचं निमित्त करून तुमचा हात झाडांवरून काढला. तुम्ही हात मागे बांधून उभे राहायचात ते मी रोज बघत होतो. चूक तुमची नव्हती. तिसऱ्या रांगेला हात लावू नका हे मीच सांगितलं नव्हतं. तुम्ही मॅडमसमोर माझी बाजू घेतलीत, मी तुमच्यासमोर खरं बोललो नाही. याबद्दल क्षमा करावी.

दुसरं म्हणजे, पळीच्या वादात मी हरलो असं मला वाटू लागलं आहे. डवलीवर भागवणारं झाड असू शकतं. इथल्या ग्रंथालयात बसून मी आता तेच म्हणतो आहे, तेव्हा तुम्ही हवं तेवढं हसून घ्या.

म्हणून एक विचारायचं आहे. तुम्ही घरी नेलेली ती कुंडी आठवत असेल. तिला रोग लागला नाही, तेव्हा मी म्हणालो की ती चुकून राहिली. जर तुमचा हात तिच्यावर पडलाच नसेल, तर माझं म्हणणं खरं आणि विषय संपला. पण पडला असेल, तर ती मिरची साधी नाही, आणि त्या उन्हाळ्यात जे झालं ते नुकसान नव्हतं. मामा, तुमचा हात पडलेला असावा असं मला फार वाटतं.

उत्तर कुणाकडून तरी लिहवून घ्यावे.

आपला,
मास्तर

ता. क. वाचणाऱ्याने एवढी ओळ मामांना दोनदा वाचून दाखवावी. नळाजवळच्या तिसऱ्या कुंडीवरची धूळही तुम्ही रोज पुसत होतात ना?